तीन नटांची गाडी

नॅनोत पेट्रोल भरायचं तर पुढचं बॉनेट उघडावं लागतं. पंपावरचा नवा मुलगा हातात नोझल घेऊन आधी गाडीच्या डाव्या अंगाला जातो, मग उजव्या. कुठेच झाकण दिसत नाही म्हटल्यावर काचेतून माझ्याकडे बघतो. मी उतरते, बॉनेट वर करते. आत स्टेपनी, काच धुवायच्या पाण्याची टाकी आणि त्यांच्याशेजारी पेट्रोलच्या टाकीचं तोंड. "मॅडम, मग इंजिन कुठंय?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. इंजिन मागे आहे. ते बघायचं तर मागची सीट पुढे पाडायची, खालचं झाकण सोडवायचं, की खाली दोन सिलिंडरांचं, ६२४ सीसीचं ते छोटं यंत्र दिसतं. मोटारीच्या मानाने ते इतकं लहान असतं, की पाहणारा थोडा वेळ काही बोलत नाही.

ही गाडी आमच्याकडे आली २०१० मध्ये, आणि अजून रोजच्या वापरात आहे. तिच्या चाकांना प्रत्येकी तीनच नट आहेत. वायपर एक आहे. पुढची चाकं अरुंद आणि मागची रुंद आहेत. वेगाचा काटा चालवणाऱ्यासमोर नसून डॅशबोर्डच्या मधोमध आहे. आमच्या मॉडेलला डाव्या बाजूचा आरसा नव्हता. तो पुण्याच्या नाना पेठेतून आणून बसवला. मागून डिकीसारखं दिसतं, पण ते दार उघडत नाही. पहिल्यांदा बघणारा हे सगळं ऐकून म्हणतो, किती कमी दिलंय हो! मला मात्र इतक्या वर्षांच्या सहवासानंतर वाटतं, की कमी कसं द्यावं याचा इतका कसून विचार केलेली दुसरी वस्तू माझ्या घरात नाही.

ही नजर मला दिली ती माझ्या सासऱ्यांनी. अण्णा भोसरीच्या एमआयडीसीत एका लहान वर्कशॉपच्या टूलरूमला होते. जिग, फिक्श्चर, डाय यांतच त्यांची नोकरी गेली. पिंपरी-चिंचवड-भोसरीच्या त्या पट्ट्यात वाढलेल्या अनेकांसारखे तेही टाटा मोटर्सला अजून 'टेल्को' म्हणतात, आणि ती कंपनी घडवणाऱ्या सुमंत मुळगावकरांचं नाव घेताना आवाज थोडा खाली आणतात. पुण्याचा कारखाना उभारताना मुळगावकरांनी आधी टूलरूम आणि शिकाऊ कामगारांचं प्रशिक्षण याकडे लक्ष दिलं, त्यांच्याच नावातल्या अक्षरांवरून पुढे 'सुमो' गाडीचं नाव आलं, हे त्यांनी आम्हाला कितीदा तरी सांगितलं आहे. म्हणून त्याच टाटांची नॅनो घरी आली तेव्हा अण्णांना ती स्वस्तात मिळालेली मोटार वाटली नाही. आपल्या पट्ट्यात, आपल्यासारख्यांनी केलेलं काम म्हणून त्यांनी ती तपासली. चालवण्याआधी त्यांनी ती वाचून काढली, असं म्हटलं तरी चालेल.

"तीनच नट का हो अण्णा?" मी विचारलं होतं.

"चौथा नट म्हणजे नुसता नट नाही," ते म्हणाले. "चौथं भोक पाडायचं. चौथा स्टड दाबून बसवायचा. आटे तपासायचे. लाइनवर तो नट आवळायला वेळ द्यायचा. हे चार चाकांना, आणि लाखो गाड्यांना. आता बघ, गाडीचं वजन सहाशे किलोच्या आसपास, इंजिनाची ताकद पस्तीस अश्वशक्ती. एवढ्या भाराला तीन पुरतात. तिवई कधी डगमगते का? पण 'पुरतात' हे म्हणायला हिंमत लागते आणि सिद्ध करायला चाचण्या लागतात. चार लावणं सोपं. कुणी विचारत नाही."

फ्रान्समधल्या सित्रोएन टूसीव्ही या जुन्या छोट्या गाडीच्या चाकांनाही तीनच नट असत, हे मला पुष्कळ पुढे कळलं. अण्णांना सांगितलं तेव्हा त्यांनी समाधानाने मान हलवली. शहाणपण दोन ठिकाणी स्वतंत्रपणे सापडलं, तर ते खरं असण्याची शक्यता वाढते, असा त्यांचा कारखान्यातला अनुभव.

मग एकेक गोष्ट उलगडत गेली. इंजिन मागे, म्हणून गाडीचं वजन मागे. वजन मागे, म्हणून मागचे टायर १५५ मिलिमीटर रुंदीचे आणि पुढचे १३५. मागची पकड जास्त ठेवली नाही, तर वळणावर गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जाईल. इंजिन मागे, म्हणून पुढची चाकं हलकी, आणि म्हणूनच पॉवर स्टिअरिंग नसतानाही आमची गाडी जागच्या जागी वळवताना दंड भरून येत नाहीत. वेगाचा काटा मधोमध, कारण मग उजवीकडे बसून चालवायच्या आणि डावीकडे बसून चालवायच्या देशांसाठी एकच डॅशबोर्ड करता येतो. मागचं दार न उघडण्याचं कारण अण्णांनी बोट फिरवून दाखवलं. पत्र्याच्या खोक्याला मोठं भोक पाडलं की ते ढिलं होतं. मग भोकाच्या कडा मजबूत करा, बिजागरी द्या, कुलूप द्या, रबराची बीडिंग द्या, दार वर धरून ठेवणारा दांडा द्या. भोकच नसेल तर खोकं आपल्या बळावर ताठ राहतं आणि हलकंही होतं. पुढे २०१५ च्या नव्या नॅनोला उघडणारी डिकी आली. लोकांना ती हवी होती, आणि ती सोयीची आहेच. पण आमच्या गाडीचा बंद पाठीमागचा भाग मला उणा वाटत नाही, कारण तो बंद ठेवण्यामागचा हिशेब मला माहीत आहे.

हा हिशेब सुरू झाला एका दृश्यापासून, ते सर्वांना ठाऊक आहे. भर पावसात स्कूटरवर नवरा, बायको आणि दोन मुलं चाललेली रतन टाटांनी पाहिली, आणि या कुटुंबाला कोरडं, सुरक्षित नेणारं वाहन एक लाखात करता येईल का, असा प्रश्न विचारला. प्रश्न विचारला मुंबईतल्या माणसाने; उत्तर शोधायचं काम आलं पिंपरीच्या इंजिनिअरिंग रिसर्च सेंटरकडे. गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखालच्या तुकडीने ते उचललं. १० जानेवारी २००८ ला दिल्लीच्या प्रगती मैदानावर गाडी लोकांसमोर आली, तेव्हा ती मारुती ८०० पेक्षा लांबीला आठ टक्के लहान आणि आतून एकवीस टक्के ऐसपैस असल्याचं सांगण्यात आलं. तीन मीटर दहा सेंटीमीटर लांबीत चार माणसं बसवायची, तर इंजिन मागच्या सीटखाली सारणं, चाकं चार कोपऱ्यांना ढकलणं आणि छत उंच करणं याला पर्याय नव्हता. तिचं ते अंड्यासारखं गोल, उंच रूप हौसेतून आलेलं नाही. माणसांना जागा देण्याच्या गरजेतून ते आलं आहे.

ही गाडी पश्चिम बंगालमधल्या सिंगूरला तयार व्हायची होती, पण तिथे कारखान्याविरुद्ध आंदोलन आधीपासूनच सुरू होतं. ऑक्टोबर २००८ मध्ये बंगालमधून कारखाना हलला आणि गुजरातेत साणंदला गेला. तो उभा राहीपर्यंत गाड्या उत्तराखंडात पंतनगरला तयार होत होत्या. एप्रिल २००९ मध्ये नोंदणी सुरू झाली तेव्हा अण्णा बँकेत जाऊन रांगेत उभे राहिले. दोन लाखांहून अधिक लोकांनी पैसे भरले होते, आणि पहिल्या एक लाख गाड्या कुणाला द्यायच्या हे सोडत काढून ठरलं. आमचं नाव निघालं. वाट बघणं मात्र टळलं नाही. गाडी आली त्या दिवशी आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला, वाड्यात सगळ्यांना पेढे वाटले. स्कूटरवर संसार केलेल्या घरात आलेली ती पहिली मोटार होती. त्या दिवशीचा आनंद मोठ्या गाडीच्या आनंदापेक्षा कणभरही कमी नव्हता.

आमचं घर पेठेत आहे. इथल्या गल्ल्या बैलगाडी आणि पालखी यांच्या मापाच्या. एका बाजूला दुचाक्यांची रांग, दुसऱ्या बाजूला भाजीवाल्या मावशी, मधून जाणारी रिक्षा. इथे मोटार चालवणं म्हणजे सतत अंदाज घेणं. चार मीटरच्या त्रिज्येत वळणारी ही गाडी तुळशीबागेच्या मागच्या गल्लीतून, बोहरी आळीच्या कोपऱ्यावरून, मंडईच्या गर्दीतून निघते, तेव्हा मला तिच्याबद्दल मनापासून कृतज्ञता वाटते. चालवणारी व्यक्ती उंच बसते, बॉनेट तोकडं आहे, त्यामुळे गाडीचं नाक कुठे संपतं ते कळतं. दोन मोठ्या गाड्यांमध्ये उरलेली, कुणाच्याच उपयोगाची नसलेली जागा आम्हाला पुरते.

पण तिची सर्वांत मोठी मेहेरबानी गुडघ्यांवर आहे. अण्णांच्या बहिणीच्या, आमच्या आत्यांच्या, दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली. त्यांच्या एका भाच्याची नवी लांबलचक सेडान दारात आली की त्या आधी पाठ वळवून बसतात, मग एकेक पाय हाताने उचलून आत घेतात, आणि उतरताना कुणीतरी ओढून काढावं लागतं. नॅनोत त्या खुर्चीवर बसावं तशा बसतात. सीटची उंची आणि दाराची उंची जमून आली आहे. डॉक्टरकडे जायचं असलं की त्यांचा फोन येतो, "तुझी गाडी घेऊन ये गं." मोठी गाडी घरात असली तरी. गाडी करणाऱ्यांनी वृद्धांसाठी हे केलं होतं की नाही, कोण जाणे. आखूड लांबीत जागा मिळवायची म्हणून माणसांना ताठ बसवलं, आणि ताठ बसणं म्हाताऱ्या हाडांना मानवलं.

तिच्या सवयी सांभाळाव्या लागतात. हवा भरताना पुढच्या चाकांत कमी आणि मागच्या चाकांत जास्त भरायची असते. हवेवाल्याला आधी सांगितलं नाही, तर तो चारही चाकांत सारखीच भरतो आणि पुढचा भाग उड्या मारू लागतो. टायर पुढचे-मागचे अदलून बदलून वापरता येत नाहीत. स्टेपनी पुढच्या मापाची आहे, म्हणून मागचं चाक पंक्चर झालं तर ती लावून जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंत जायचं, गावाला नाही. टाकी पंधरा लिटरची. लांब जायचं तर पंप कुठे लागतात हे आधी डोक्यात हवं. मागच्या सीटच्या पाठीमागे सामानाला जागा आहे, पण ती इंजिनाच्या डोक्यावर आहे. तिथे ऊब येते. दसऱ्याला झेंडू, पाडव्याला चक्का, कुठलंही औषध आम्ही मागे ठेवत नाही; ते पुढे पायांशी. कोकणातून येणारी आंब्याची पेटीसुद्धा मागच्या सीटवर माणसासारखी बसून येते. आमची लेक तान्ही असताना मात्र याच उबेने आणि मागून येणाऱ्या एकसुरी धडधडीने सीटवर पडल्या पडल्या झोपायची. तो आवाज रिक्षाच्या जवळचा आहे, हे खरं. गल्लीत शिरताना लोक रिक्षा आली म्हणून बाजूला होतात. पुढे बसणाऱ्याला तो फारसा ऐकू येत नाही, कारण तो मागे राहतो.

घाट ती आवडीने चढते. चालणारी चाकं मागची, वजनही त्यांच्यावरच, म्हणून ताम्हिणीच्या ओल्या, शेवाळलेल्या चढावर चाक जागेवर फिरत नाही. दुसऱ्या गिअरमध्ये, धापा न टाकता, ती आपल्या वेगाने वर जाते. तिथल्या पावसात एकच वायपर पुरतो का, असं लोक विचारतात. काचेचे कोपरे कोरे राहतात, पण चालवणाऱ्याच्या नजरेसमोरचा पट्टा स्वच्छ होतो. सपाट महामार्गावर मात्र तिला तिची मर्यादा सांगावी लागत नाही, ती स्वतःच सांगते. शेजारून कंटेनर गेला की हवेच्या झोताने हलकं नाक सरकतं, स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरावं लागतं. आम्ही साठच्या आसपास, डाव्या बाजूने जातो. साताऱ्याला पोहोचायला इतरांपेक्षा थोडा उशीर होतो. त्या उशिरात खंबाटकीच्या अलीकडे थांबून चहा होतो, आत्यांचे पाय मोकळे होतात, आणि पोहोचल्यावर कुणी थकलेलं नसतं.

सुरक्षिततेबद्दल मी डोळेझाक करत नाही. सुरुवातीच्या काळात काही नॅनोंना आगी लागल्याच्या बातम्या आल्या, आणि २०१० मध्ये कंपनीने एक्झॉस्ट आणि वायरिंगभोवती जादा संरक्षण विनामूल्य बसवून देऊ केलं. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपने भारतातल्या पाच छोट्या गाड्यांची धडक-चाचणी घेतली. त्यांत नॅनोला शून्य तारे मिळाले. इतर चार गाड्यांनाही, एअरबॅग नसलेल्या अवस्थेत, शून्यच मिळाले होते. त्यामुळे ही गाडी आम्ही एक्स्प्रेस वेवर नेत नाही आणि रात्री गावाबाहेर काढत नाही. वस्तूवर प्रेम असलं की तिच्याकडून काय मागायचं नाही, हे शिकावंच लागतं. पण त्याच वेळी मला स्कूटरवरची ती चार माणसं आठवतात. नॅनोची तुलना तिच्याहून मोठ्या गाडीशी करणाऱ्याने एकदा तरी ती त्या स्कूटरशी करावी. तिथे धडकेत पत्रा आडवा येतच नाही, माणूसच पत्रा होतो.

हे सगळं असताना ही गाडी लोकांनी का नाकारली, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. दोन लाख नोंदण्यांनी सुरू झालेल्या गाडीचं उत्पादन जून २०१८ मध्ये महिन्याला एका नगावर आलं, आणि २०२० मध्ये प्रदूषणाचे नवे निकष आले तोवर तिचा काळ संपला होता. कारणं अनेक सांगितली जातात: कारखाना हलवण्यात गेलेला वेळ, वाढत गेलेली किंमत, आगीच्या बातम्या. मला घरात बसून दिसलेलं कारण वेगळं आहे.

आपल्याकडे नवी वस्तू घेतली की शेजारी विचारतात, "केवढ्याला पडली?" त्या प्रश्नात चौकशी असते, थोडी असूया असते, आणि उत्तर देणाऱ्याला मिळणारा एक मानही असतो. आकडा सांगायचा की नाही, गोल करून सांगायचा की "पडली आपली" म्हणून हसायचं, हे घेणाऱ्याच्या हाती असतं. नॅनो घेणाऱ्याला हा प्रश्न कुणी विचारला नाही. आकडा आधीच साऱ्या देशाला पाठ होता. वर्षानुवर्षं साठवलेले पैसे, सोडतीची धाकधूक, चाकाखालची लिंबं, हे सगळं त्या एका आकड्याखाली झाकलं गेलं. एका कार्यालयात लग्नाला गेलो असताना पहारेकऱ्याने अण्णांना गाडी मागच्या बाजूला, केटरिंगच्या टेम्पोंजवळ लावायला सांगितली. अण्णा काही बोलले नाहीत, त्यांनी तिथे लावली. त्यांच्या हातांनी आयुष्यभर मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत अचूक काम केलं होतं, आणि त्या कामाचीच जात असलेली एक वस्तू त्यांनी अभिमानाने घेतली होती. पहारेकऱ्याला फक्त आकडा माहीत होता.

जुनी मारुती घेणाऱ्याच्या वाट्याला हे आलं नाही. तिची किंमत कुणाला ठाऊक नसते. ती फक्त 'मारुती' असते. म्हणून ज्या स्कूटरवाल्या कुटुंबासाठी नॅनो केली होती, त्यातल्या कित्येकांनी तेवढ्याच पैशांत वापरलेली मारुती ८०० किंवा अल्टो पसंत केली. त्यांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. माणूस वाहनातून प्रवास करतो, तसा चारचौघांच्या नजरेतूनही करतो. पुढे रतन टाटांनीही सांगितलं, की 'सर्वांत स्वस्त' ही ओळख या गाडीला मारक ठरली. इटलीत १९५७ मध्ये फियाट ५०० आली, तिचंही दोन सिलिंडरांचं इंजिन मागेच होतं. जर्मनीत बीटल, फ्रान्समध्ये टूसीव्ही. या गाड्या लोकांच्या हाती आल्या तेव्हा ते देश युद्धातून सावरत होते. ओढाताण सगळ्यांचीच होती, त्यामुळे काटकसरीची गाडी कुणाला खाली मान घालायला लावत नव्हती. तिथे ती सगळ्यांची गाडी झाली. आपल्याकडे ती आली तेव्हा मध्यमवर्गाची नजर वर लागली होती, आणि तिच्याकडे खाली बघण्यात आपण किती वर आलो याचा पुरावा मिळत होता.

आता मात्र काहीतरी बदललं आहे. गाडी बंद झाली आणि तिचा आकडा लोक विसरले. सिग्नलला शेजारच्या दुचाकीवरची मुलं काच खाली करायला लावतात आणि विचारतात, "काकू, अजून चालते? पार्ट मिळतात?" एकदा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचा एक घोळका वाड्याच्या दाराशी थांबला. त्यांना चाकाचे नट बघायचे होते. अण्णा आता ऐंशीच्या पुढे आहेत, गाडी चालवत नाहीत, पण त्या दिवशी काठी टेकत बाहेर आले. त्यांनी मुलांना बॉनेट उघडायला लावलं, मागची सीट पाडायला लावली, आणि एकेका ठिकाणी बोट ठेवून विचारलं, "इथे काय काढलंय? आणि ते काढल्यावर काम कशावर भागवलंय?" मुलं उत्तरं शोधत राहिली. किमतीबद्दल एकानेही विचारलं नाही. या गाडीकडे बघायची योग्य रीत तीच होती, आणि ती पहिल्या दिवसापासून वापरता आली असती.

दरम्यान रस्त्यावरच्या गाड्या वाढत्या मापाच्या होत गेल्या. गल्ल्या तेवढ्याच राहिल्या. सकाळी लक्ष्मी रोडला वळताना पुढच्या उंच, रुंद गाडीत बहुधा एकच माणूस बसलेला दिसतो. मोठी गाडी घेण्यात काही गैर आहे असं मी म्हणत नाही. ज्याला चार जणांसह दूर जायचं आहे, त्याने ती घ्यावी. पण शहरात रोज फिरायला किती पुरतं, हा प्रश्न आपण विचारणंच सोडून दिलं आहे. 'पुरेसं' हे माप वस्तूत आपोआप उतरत नाही. कुणालातरी बसून ते काढावं लागतं. किती नट, किती रुंद टायर, किती लिटरची टाकी, किती उंच सीट, हे ठरवायला ज्ञान लागतं, आणि वापरणाऱ्याच्या आयुष्याबद्दल आस्था लागते. भरपूर घालणं हे त्याहून पुष्कळ सोपं काम आहे, कारण भरपूर घालणाऱ्याला वापरणारा नीट माहीत नसला तरी चालतं.

गेल्या वर्षी आमच्या गाडीची पंधरा वर्षांची नोंदणी संपली. नूतनीकरणाचं शुल्क पूर्वी सहाशे रुपये होतं, ते २०२२ पासून पाच हजार झालं आहे. वर पर्यावरण कर, पीयूसी, विमा आणि आरटीओची तपासणी. गाडीच्या बाजारभावाच्या मानाने हा खर्च डोळ्यांत भरणारा आहे. भंगारात काढा, असं जवळच्या माणसांनीही सुचवलं. आम्ही नाना पेठेत फिरून ब्रेकचे लायनर आणि रबरी पाइप बदलले, दोन टायर शोधून आणले, तिला तपासणीला उभी केली. ती पास झाली. पाच वर्षांचा कागद मिळाला.

हे करण्यामागे आठवणींचा ओढा आहे, तसा एक विचारही आहे. पावसाळ्यात संध्याकाळी सिंहगड रोडला उभं राहिलं, तर स्कूटरवर चौघांचं कुटुंब आजही दिसतं: पुढे उभा मुलगा, मागे आईच्या मांडीवर लहानगी, वर एकच प्लास्टिकचा कागद. जो प्रश्न विचारून ही गाडी जन्माला आली, तो सुटलेला नाही. त्याचं एक उत्तर तेवढं बाजूला पडलं आहे. ते उत्तर शोधायला याच शहरात शेकडो माणसांनी काही वर्षं डोकं लावलं होतं. याच शहरातल्या नव्या मुलांनी तो प्रश्न पुन्हा हातात घ्यावा. आज बॅटरीवर चालणारी छोटी वाहनं करायला ते निघालेच आहेत. या वेळी गाडी करताना आधीचा हिशेब जमेस धरावा, आणि विकताना तिच्या कपाळावर किंमत न लिहिता, ती किती माणसांना कोरडं आणि सुखरूप घरी नेते हे लिहावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्यांना आधीचं काम उघडून बघायचं असेल, तर आमची गाडी चालू कंडिशनमध्ये आहे, आणि ती समजावून सांगायला अण्णा घरीच असतात.